घरी बसता तशा बसा

कुरडयांच्या गव्हाला तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो, तो आमच्या ह्यांना इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही ओळखता आलेला नाही. त्या सकाळीही ते ब्रश तोंडात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “उंदीर मेलाय का गं कुठं?”

“गहू आहे,” मी म्हटलं. “दर चैत्रात तुमचा उंदीर मरतो आणि दर चैत्रात तो गहूच असतो.”

गॅसवर वरणाचा कुकर होता, ओट्यावर मिक्सर, आणि मिक्सरच्या भांड्यात भिजून मऊ झालेला गहू. तो दळायचा, चोथा पिळून काढायचा, पांढरा चीक पातेल्यात रात्रभर बसू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शिजवून सोऱ्यातून कुरडया घालायच्या. लिहायला एका ओळीत होतं. करायला मात्र माझ्या हाताला ते कधी नीट जमलेलं नाही. त्यामुळे बाई लागायची, आणि ती बाई गेल्या वर्षीपासून येत नव्हती.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

आमचं मागचं दार सकाळी उघडलं की दुपारपर्यंत उघडंच असतं. ज्यांना त्या दारानं यायचं असतं ते “ओ ताई” करत सरळ आत येतात. कडी वाजवणारं माणूस पुढच्या दाराचं. म्हणून मी ओल्या हातानंच गेले, आणि पाहते तर उंबऱ्याच्या बाहेर रुख्मिणीबाई उभ्या.

त्यांनी कडी वाजवावी याचंच मला आधी नवल वाटलं. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. आडव्या हाडाची, ठसठशीत बाई. तिचं अंग उतरून निम्मं झालेलं. लुगड्याचा पदर उजव्या अंगावरून पोटापर्यंत ओढून घेतलेला, आणि एक हात त्या पदराखाली, पोटाशी.

“येऊ का आत?” त्यांनी विचारलं.

रुख्मिणीबाई मूळच्या हट्टा गावच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा पोराला काखेत घेऊन इथं वसमतला आल्या. हळदीच्या दिवसांत खळ्यावर हळद निवडायची, आणि उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत घरोघर कुरडया, पापड, शेवया. सगळं आयुष्य जमिनीवर बसून केलेल्या कामांचं. आमच्या गच्चीवर जुनी लुगडी अंथरून त्या उकिडव्या बसत आणि सोऱ्या असा फिरवत की एकेक कुरडई जणू एकाच साच्यातून पडलेली. तोंडाचा पट्टा वेगळा चालू. आमचे हे एकदा गच्चीवर पेपर घेऊन आले, तर म्हणाल्या, “भाऊजी, कुरडईला ऊन लागतं, सावली न्हाई. सरका.” चीक शिजला की गल्लीतली लेकरं वाट्या घेऊन रांगेत. त्यांना वाढताना मला म्हणायच्या, “ताई, तुमी आता हात लावू नका. तुमी हात लावला की चीक बी घाबरतो.” सगळ्या गल्लीत त्यांच्याकडून बोलणी खाण्यात एक मान होता.

मागच्या वर्षी होळीच्या आधी त्या नांदेडला दवाखान्यात गेल्याचं कळलं. त्यांचा मुलगा हरीश, बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तो म्हणाला होता, “पित्ताशयात खडे होते. काढले.” आम्ही सगळ्यांनी खडे मानले.

“या की मावशी, हे काय विचारणं,” मी म्हटलं आणि सवयीनं भिंतीशी टेकवलेला पाट ओढला.

त्यांनी पाटाकडे पाहिलं. “पाट नको. स्टूल असलं तं द्या.”

मी स्टूल दिलं. त्या बसल्या, पाठ ताठ ठेवून, जशा परक्या घरात बसावं तशा. नजर मात्र लगेच ओट्यावर गेली.

“गव्हाचं पाणी रोज बदललं का?”

“काल राहिलं.”

“मंग वास येईल नाही तं काय अत्तर येईल?” त्या म्हणाल्या, आणि क्षणभर जुन्या रुख्मिणीबाई दिसल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“ताई, तुमची ती ज्योती उद्या नांदेडला चालली ना?”

ज्योती म्हणजे आमच्या शेजारच्या आशाबाईंची सून. अंगणवाडीत ताई आहे. तिशीही न गाठलेली, चुणचुणीत पोर. तिला आतड्यात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. आशाबाई गल्लीत “साधी गाठ आहे” एवढंच सांगत होत्या.

“तुम्हाला कुठून कळलं?”

“आमच्या कोमलचं लेकरू तिच्याच अंगणवाडीत जातं.” कोमल म्हणजे हरीशची बायको. “ज्योती रडली कोमलपाशी. म्हणली, डॉक्टर म्हणतेत, काही महिने पोटावर पिशवी लावावी लागंल. कोमलनं घरी येऊन मला सांगितलं. मला रातभर झोप न्हाई.”

मग त्यांनी पदर बाजूला केला. लुगड्याच्या निऱ्यांच्या जरा वर, उजवीकडे, कापडाखाली काहीतरी फुगीर होतं. त्यावर हात ठेवूनच त्या बोलत राहिल्या.

“खडे न्हवते, ताई. मला बी तीच गाठ व्हती. खालची गाठ काढली, अन् तिथली शिवण भरून येईस्तोर वरचं आतडं इथं पोटावर आणून सोडलं. त्याचं तोंड बाहेर. लाल असतं, जिभेवानी. दुखत न्हाई. जे मागून जायाचं ते हितून जातं, पिशवीत. सिस्टर म्हणली, मावशी, ही पाव्हणी हाय, चार-सहा महिन्यांनी जाईल. आता वरीस झालं. पाव्हणी काही उठना.”

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि खाली, त्यांच्या पायाशी बसले.

“काहून उठना, ते सांगायला आले,” त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी सांगितलं ते सरळ सांगितलं नाही. मधेच गव्हाकडे बघत, मधेच माझ्या मिक्सरला नावं ठेवत. मी इथं सलग लिहिते आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात एक सिस्टर आली होती. तरणी, केरळकडची असावी, पण मराठी बोलायची. तिचं कामच ते. ज्यांना पोटावर पिशवी लागणार त्यांना आधी भेटायचं, पिशवी दाखवायची, हातात द्यायची, कशी रिकामी करायची ते समजवायचं आणि पोटावर निळ्या पेनानं एक ठिपका काढायचा. डॉक्टर त्या ठिपक्यावर तोंड काढणार. म्हणून ठिपका अशा जागी हवा जिथं बसता-उठता घडी पडत नाही, निऱ्या येत नाहीत, आणि ज्याचं त्याला खाली मान घालून दिसतं. पिशवीच्या मागची चकती कातडीला चिकटून राहते. कातडीला घडी पडली की चकती उचलते.

“तिनं विचारलं, मावशी, घरी काय काम करता? कशा बसता? घरी बसता तशा बसून दाखवा.”

“मग?”

“मी खाली बसायला निघाले, तर हरीश म्हणला, सिस्टर, आई आता काही काम करत न्हाई. खुर्चीवरच बसते.”

त्यांनी पोटावरचा पदर सारखा केला.

“त्यानं तसं काहून म्हणावं, ते मला तवाच कळलं. वार्डात चार लोकं व्हते. शेजारच्या खाटंवरचे जिंतूरचे मास्तर व्हते. पोराला वाटलं, आई दुसऱ्याच्या घरी कुरडया घालते, हळद निवडते, हे कशाला सांगावं. सिस्टरनं मला विचारलं, खरंच का मावशी? मी मान हलवली.”

“तुम्ही बोलायचं ना, मावशी.”

“ताई, पोरानं पहिल्यांदा चारचौघांत मला खुर्ची देली. ती मी कशी नाकारू?”

 त्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. आपल्याकडे मुलगा आईला “काही काम करू देत नाही” ही केवढी मोठी गोष्ट. मीही कितीदा कौतुकानं ऐकलेली.

तर सिस्टरनं त्यांना खुर्चीवर बसवलं, उभं केलं, आडवं केलं आणि ठिपका काढला. वर एक रिकामी पिशवी त्या जागी चिकटवून दिली: आज लावून हिंडा-फिरा, वाका, काही टोचलं, उचललं तर सांगा, जागा बदलू. रुख्मिणीबाई त्या संध्याकाळी चादर गळ्यापर्यंत ओढून खाटेवर पडून राहिल्या. हिंडल्या असत्या, वाकल्या असत्या तर सगळ्या वॉर्डाला पिशवी दिसली असती.

घरी आल्यावर हरीशनं खरंच खुर्ची आणली. प्लास्टिकची, लाल, हातांची. त्यांना पोराचं कौतुक वाटलं. चार दिवस त्या त्या खुर्चीवर बसल्या, ताट मांडीवर घेऊन.

“घास उतरंना. जनमभर खाली बसून जेवलेलं माणूस. वरून जेवायचं म्हंजे एसटीत बसून जेवल्यावानी वाटायचं. मंग मी खाली बसले. कोमल भाकरी करून राहिली व्हती, म्हणलं सरक, मी थापते. दोन भाकरी झाल्या न झाल्या, पोटाची घडी बराबर त्या चकतीवर. सुटली. लुगडं भरलं. कोमल काही बोलली न्हाई. गुणाची पोर हाय. पण लेकरू नाक धरून म्हणलं, आजी, वास.”

मग रोजचं झालं. खुर्चीवरून उठलं, मांडी घातली, उकिडवं बसलं की चकती उचलायची. झिरपलेलं कातडीला लागून कातडी सोलवटली, आग व्हायला लागली. तेव्हा कोमलनं जे केलं ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. आपलं हे हळदीच्या बाजाराचं गाव. भाजलं की हळद, कापलं की हळद, बाळंतिणीला हळद. घरात डबाभर हळद, तीही रुख्मिणीबाईंनी स्वतः निवडून आणलेली. कोमलनं ती खोबरेल तेलात कालवून सोलवटलेल्या जागेवर लावली, मायेनं, रोज. आणि त्या तेला-हळदीवर चकती चिकटवायला लागली.

“ती काय चिकटते, माय!” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “लावली की घसरली. आमाला वाटलं, पिशवीच खराब. मंग वाटलं, माझं अंगच नासलं. हरीशचा जुना पट्टा बांधला वरून. तरी गळायचं. मंग मी काय केलं, खाणं कमी केलं. म्हणलं, आत गेलंच न्हाई तर बाहेर येतंय काय. मंग पाणी कमी केलं.”

एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्या घोट-घोट, सगळा तांब्या प्यायल्या, जणू मला दाखवायला.

त्या पिशवीतून अंगातलं पाणी आधीच जास्त जातं; त्यात पाणी कमी पिणं म्हणजे विहिरीला दोन्हीकडून उपसा. त्या एक दिवस मोरीत चक्कर येऊन पडल्या. परत नांदेड, सलाईन. तीच सिस्टर आली. तिनं पट्टा सोडला, पिवळी कातडी पाहिली, कोमट पाण्यानं पुसून काढली.

“रागावली नाही?”

“रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली फरशीवर बसली, ताई. एवढे पांढरे कपडे घालून. मांडी घालून बसली अन् मला म्हणली, मावशी, घरी अशा बसता का? मी म्हणलं, व्हय. मंग उकिडवी बसली. अशा बी? म्हणलं, व्हय. मंग तिनं माझं पोट चाचपलं. म्हणली, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी ठिपका दोन बोटं वर काढला असता.”

दोन बोटं. रुख्मिणीबाईंनी ती मला लुगड्यावरून दाखवली, स्वतःच्या पोटावर टेकवून.

“हरीश तिथंच व्हता. तो खिडकीपाशी गेला अन् बाहेर बघत उभा राहिला. अजून त्या गोष्टीवर बोलला न्हाई माझ्याशी. रोज येताना एखादं फळ घेऊन येतो.”

त्यानंतर सिस्टरनं नवीन चकत्या दिल्या, घडीत भरायचा एक लेप दिला, शिकवलं: नुसतं पाणी, कोरडं करायचं, तेल नाही, हळद नाही, काहीच नाही. आता पुष्कळ बरं आहे. पण अंगात रक्त राहिलेलं नव्हतं. ते भरून येईपर्यंत आतडं परत आत ढकलायचं ऑपरेशन करता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. एकदा पुढं ढकललं, मग पुन्हा एकदा.

“त्यात आमची अक्का गेली,” त्या म्हणाल्या.

रूपाबाई, त्यांची थोरली बहीण, शिरड शहापूरला दिलेली. सोऱ्या धरायला तिनंच शिकवलेलं. ती आजारी होती आणि फोनवर म्हणायची, ये की गं एकदा, बघून जा. या म्हणायच्या, येते, पुढच्या आठवड्यात येते. एसटीत तासभर बसायचं, चकती सुटली तर काय करायचं. खड्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला बहिणीकडे जायला इतका वेळ का लागतो, हे रूपाबाईला कसं कळणार? तिला वाटलं, धाकटीला आता आपली गरज नाही. पौषात ती गेली. रुख्मिणीबाई मातीलाही गेल्या नाहीत.

“लेकीला म्हणली व्हती म्हणं, रुख्मी का येईना गं, मी काय केलं तिचं.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “काय सांगू तिला आता.”

बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. ह्यांनी बाहेरून विचारलं, “टॉवेल कुठंय?” मी “दोरीवर” म्हटलं.

“काल मी आशाबाईकडं गेले व्हते,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “म्हणलं, पोरीला दोन शब्द सांगून येते. त्यांनी बाहेर ओट्यावरच चहा देला. म्हणल्या, उद्या-परवा लेकरू दवाखान्यात चाललं, आता काही वंगाळ कानी पडायला नको. अन् माझ्याकडं असं बघितलं, ताई. ह्या अशा वाळलेल्या बाईचं तोंड पोरीनं बघू नये, असं. त्यांचं बी चुकलं न्हाई. मी असते तर मी बी तसंच केलं असतं.”

“ज्योती दिसली?”

“आतून आवाज आला. तिचा नवरा कुणाला तरी सांगत व्हता, ती अंगणवाडीत मॅडम हाय, तिला काय, खुर्चीवर बसायचं काम.” रुख्मिणीबाई माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. “मॅडम! दिवसभर सतरंजीवर लेकरं घेऊन बसते ती. आमच्या कोमलच्या लेकराला मांडीवर घेऊन खिचडी चारते. मी डोळ्यानं बघितलं हाय. उद्या दवाखान्यात सिस्टर विचारील, कशा बसता, अन् तो म्हणंल खुर्चीवर. अन् ती मान हलवील.”

ज्योतीला मी रोज बघते. शाळेच्या वेळी अंगणवाडीच्या दारातून दिसते, सतरंजीवर मांडी घालून, एक पोर खांद्याला, एक मांडीत, तिसऱ्याचं नाक पुसत. आणि तिचा नवरा चांगला मुलगा आहे. हरीशसारखाच.

“मी फोन लावते तिला,” मी म्हटलं. “आत्ताच.”

“फोनवर न्हाई. फोनवर माणूस हो-हो म्हणतं. मला बी दवाखान्यातून निघताना सगळं सांगितलं व्हतं, मी बी हो-हो म्हणले. तिला हे दाखवावं लागंल.” त्यांनी पोटावर हात ठेवला. “बघितलं की भ्याव जातं. लई भ्याव त्याचंच असतं, बाकी काही न्हाई. पिशवी मी तिच्या हातात देईन. खाली बसून दाखवीन, ही घडी कुठं पडते ते. तिला म्हणीन, पाणी पी, जेव, हळद लावू नको, अन् त्या रिकाम्या पिशवीला घेऊन वार्डभर हिंड, लाजू नको.”

“मावशी, मग खड्यांचं खोटं उघडं पडेल. हरीशला कळेल तुम्ही बोललात ते.”

“कळू द्या. त्याचं बी मन हलकं व्हईल. बसण्यावर एवढं असतं, हे त्याला तरी कुणी आधी सांगितलं व्हतं? त्यानं माझी इज्जत राखायला म्हणलं ते. मीच माझ्या तोंडानं बोलायचं व्हतं.” त्या उठल्या. उठताना एक हात भिंतीला, एक पोटाशी. भिजल्या गव्हाच्या पातेल्याचं झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं, नाक मुरडलं, आणि झाकण परत ठेवलं. “उरलेल्या गव्हाचं पाणी तरी आता बदला.”

मी हात धुतले. त्या मागच्या दारापाशी गेल्या, उंबऱ्याच्या आत थांबल्या.

“ताई, माझ्यासंगं आशाबाईच्या दारापस्तोर चला. तुमी असल्या की त्या आत घेतेत. बोलायचं मी बोलते.”